सोड्यात भिजवलेली चाकं

रविवारी सकाळी आमच्या घरात सगळ्यांत आधी आवाज व्हायचा तो बादलीच्या कडीचा. मग नळाचा, मग बाबांच्या खोकल्याचा आणि त्यावर आईचा, "अहो, चहा तरी घ्या आधी!" बाबा चहा नंतर घ्यायचे. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत पाणी सकाळी जेमतेम दोन तास यायचं. तेवढ्यात तिघांच्या आंघोळी, धुणं, पिण्याचं पाणी भरणं आणि गाडी धुणं असं सगळं उरकायचं असायचं. आईच्या लेखी या यादीत गाडी शेवटची, बाबांच्या लेखी पहिली. दर रविवारी यावरून तीच बोलाचाली व्हायची, आणि आईचं वाक्य पुरं होईपर्यंत बाबा दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन जिना उतरलेलेही असायचे. त्यांच्या मागून मी, खांद्यावर फडकी टाकून. मला कोणी बोलावलेलं नसायचं, पण मी गेले नाही तर बाबा खालून हाक मारायचे, "सुजू, तुझ्या गाडीला आज आंघोळ नाही का गं?"

गाडी माझी कशी, हे मला कधीच कळलं नाही. पण ते ऐकायला फार गोड वाटायचं. ती होती मोतिया रंगाची, बाबांनी वायुदलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेली, आमच्या हातात येईपर्यंत चांगलीच वापरलेली. पण त्या हौशी माणसाने तिला ॲल्युमिनियमची चकचकीत चाकं बसवून घेतली होती. आमच्या ब्लॉकमध्ये ज्या मोजक्या गाड्या होत्या त्यांची चाकं लोखंडी, वर पत्र्याच्या टोप्या लावलेली. आमच्या गाडीची चाकं मात्र चांदीची असावीत तशी. बाबा वर्ध्याकडचे. त्यांच्या लहानपणी गावच्या पाटलाची बैलांची दमणी निघाली की आजोबांना मागून चालत जावं लागायचं, वाटेत कितीही मोकळी जागा असली तरी. बाबांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही गाडीचं टप पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. मग म्हणाले, "चल, ते कोपऱ्यातलं राहिलं बघ." कुणाला दाखवायला म्हणून त्यांनी ती गाडी कधी काढली नाही. पण ती स्वच्छ नसली की त्यांना आपलेच कपडे मळले असल्यासारखं अस्वस्थ व्हायचं.

गाडी धुण्याचे त्यांचे नियम होते, आणि त्यांत ऑफिसच्या नियमांपेक्षा कमी पळवाटा होत्या. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची. धुळीवर फडकं फिरवणाऱ्याला ते 'कसाई' म्हणायचे. मग टपापासून खाली यायचं. आईच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे अंगासाठी, बाबांची फाटकी बनियनं चाकांसाठी, आणि चाकाचं फडकं चुकूनही बॉनेटला लावायचं नाही, कारण त्यात रस्त्याची रेती असते आणि रेती रंगावर ओरखडे काढते. काचा वर्तमानपत्राने. चाकं सगळ्यांत शेवटी. चाकांच्या खाचांत जुना टूथब्रश घालून ते ब्रेकची काळी भुकटी काढायचे, चाक कोरडं करायचे, आणि मग डबीतलं पॉलिश बोटभर घेऊन छोट्या छोट्या वर्तुळांत घासायला लागायचे. पहिल्यांदा मी घाबरले होते, कारण घासता घासता फडकं काळंकुट्ट झालं. "बाबा, खराब होतंय!" तर ते हसले. "काळं निघालं म्हणजे काम होतंय. निघू दे. घाबरून मधेच थांबलं की चाक मळकट राहतं." मग कोरड्या फडक्याने ते काळं पुसून काढायचे, आणि खालून उन्हाचा एक कवडसा भिंतीवर जाऊन बसायचा.

हे सगळं आटपून वर आलो की आईने पाटवड्यांचा रस्सा केलेला असायचा. ज्वारीचं पीठ गावाकडून कुणी आलं की ट्रंकेतून यायचं. ते संपलं की गव्हाच्या पोळ्या, आणि आईचं तोंड वाकडं. रस्सा इतका झणझणीत असायचा की वरच्या मजल्यावरचे चड्ढा अंकल वासानेच शिंकायचे आणि जिन्यातून ओरडायचे, "भाभी जी, आज किसको मारने का इरादा है?" ते मोठे थट्टेखोर. बाबा खाली चाकं घासत बसले की गॅलरीतून वाकून म्हणायचे, "साहब, इतना तो लोग दुल्हन को नहीं सजाते!" बाबा नुसते हात हलवायचे. घराबाहेर बाबा हिंदी बोलायचे ते जरा जपून, प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखं. घरात आले की मोकळे.

परवा आमच्या सोसायटीच्या तळघरात एक तरुण जोडपं मोबाइलवरचा व्हिडिओ बघत बघत आपली गाडी धुताना मी पाहिलं. फेसाची पिचकारी काय, पाच प्रकारचे ब्रश काय, चाकांना लावलं की जांभळं होऊन ओघळणारं कसलं तरी औषध काय. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. त्या मुलीला वाटलं असेल, म्हातारी पाणी सांडलं म्हणून बोलणार. मी एवढंच विचारलं, "चाकं कशाची आहेत? मग बाटलीवर नीट वाचून घ्या, कशाला चालतं ते." ती म्हणाली, "बिल्कुल आंटी." मी लिफ्टमध्ये शिरले आणि घरी येईपर्यंत डोळे पुसत राहिले. त्या वर्षाबद्दल लिहायचं मी किती तरी दिवस टाळत होते. त्या दिवशी ठरवलं, आता लिहून टाकायचं.

त्या वर्षी मी अकरावीत होते. उन्हाळ्यापासून बाबांच्या काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या होत्या, पण घरातल्या माणसाचं बदलणं घरात कुणाला दिसतं? संध्याकाळनंतर ते गाडी काढेनात. "अंधारात पेट्रोल जास्त खाते ती," असं त्यांनी आईला सांगितलं, आणि आईला गाड्यांमधलं काही कळत नसल्यामुळे तिने ते खरं मानलं. मला कळत होतं की हे खोटं आहे. पण बाबांचा कंटाळा झाकायला मदत करतेय अशा थाटात मी गप्प बसले. जेवताना डावीकडे ठेवलेला पाण्याचा पेला त्यांच्या हाताने दोनदा पडला. बस स्टॉपवर ते मला म्हणायचे, "बघ गं, नंबर काय आहे," आणि मी वाचला की म्हणायचे, "शाबास," जणू माझी परीक्षा चालली होती. आणि चाकं. चाकांच्या खाचांत पॉलिश तसंच राहायला लागलं होतं, वाळून पांढरं झालेलं. एक चाक ते दोनदा घासायचे आणि त्याच्या मागचं राहून जायचं. मला वाटलं, दमतात. ऑफिसात काम वाढलंय. चड्ढा अंकल मात्र एकदा वरून म्हणाले, "साहब, आजकल पहिये नाराज़ लग रहे हैं आपसे." बाबा हसले, पण त्यांचा हात थांबला आणि ते त्या दिवशी लवकर वर आले. मला चड्ढा अंकलचा फार राग आला.

दसरा जवळ आला. दसऱ्याला आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांच्या सायकली, स्कूटरी, गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या राहायच्या. कुणी चाकाखाली लिंबू ठेवायचं, कुणी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. आमच्या गाडीला यातलं काही नाही. आमच्यासाठी तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. सकाळी पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वंदना, भाषणं, जेवण, आणि गावाकडून दिल्लीत नोकरीला आलेल्या माणसांच्या गप्पा. बाबा हार घालायचे नाहीत, पण त्या दिवशी गाडी ब्लॉकमधल्या कोणत्याही गाडीपेक्षा स्वच्छ असलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट असायचा. "आपल्या गाडीला हार नको. तिचा स्वच्छपणाच पुरे," असं ते म्हणायचे. त्या वर्षी आदल्या दिवशी मी गाडीकडे बघितलं तर चाकं कशीतरीच. खाचांत पांढरं, कडेला काळं. सकाळी सगळा ब्लॉक खाली उतरणार, चड्ढा अंकल काहीतरी बोलणार आणि बाबांचा हात पुन्हा थांबणार. मला ते बघायचं नव्हतं. मी ठरवलं, उद्या बाबा दूध आणि फुलं आणायला जातील तेवढ्यात आपण चाकं करायची.

आता इथे मला माझ्या अडाणीपणाबद्दल सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पहाटे पॉलिशची डबी उघडली तर ती रिकामी, तळाशी वाळलेली खपली. दुकानं बंद. मग मला आठवलं की दूध करपलं की आई त्या पातेल्यात धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी घालून ठेवते, आणि तासाभरात ते जळलेलं आपोआप सुटून पातेलं लख्ख होतं. ते पातेलं स्टीलचं असायचं. भात करायचं ॲल्युमिनियमचं पातेलं आई चिंचेच्या कोळाने घासायची, त्याला सोडा कधीच लावायची नाही. हे मी हजार वेळा पाहिलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं, का. गावाकडच्या कुठल्याही मुलीला हे दहाव्या वर्षी ठाऊक असतं. मी दिल्लीत वाढलेली, स्वयंपाकघरात फक्त खायला जाणारी. मी मोठ्या गंजात, आमच्याकडच्या उभ्या पातेल्यात, पाणी उकळलं, त्यात मुठी भरभरून सोडा टाकला, बनियनं त्यात बुडवून चिमट्याने बाहेर काढली आणि चारही चाकांना पोटीस बांधावं तशी गुंडाळली. थोड्या वेळाने कोपरा उचलून पाहिलं. काळं निघत होतं. मला इतका आनंद झाला! काळं निघालं म्हणजे काम होतंय. घाबरून मधेच थांबायचं नाही. मी वर गेले, आणखी सोडा कालवला, आणि पुन्हा ओतला.

फडकी काढली तेव्हा उजाडलं होतं. चाकांवरचा चकचकीत थर कुठे फुग्यासारखा सुटला होता, कुठे कातड्यासारखा लोंबत होता. खालचा धातू काळा-राखाडी, त्यावर पांढरट चट्टे, आणि खाचांत जणू कुणी राख भरलेली. मी साध्या पाण्याने धुतलं. कोरड्या फडक्याने घासलं. नखांनी घासलं. हात जळजळायला लागले तरी घासत राहिले. काळं निघून जायचं नाव घेत नव्हतं, कारण ते वर लागलेलं नव्हतं, धातूच तसा झाला होता. मग मला कोपऱ्यावरून बाबा येताना दिसले, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात विहारासाठी पांढऱ्या शेवंतीची पुडी. बाबांनी माझ्यावर आयुष्यात हात उगारला नव्हता. तरी मी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. पुन्हा कुठून मिळणार तसली चाकं?

"अरे! तू केलीस?" बाबा म्हणाले. त्यांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली, पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि तळहात चाकावरून फिरवला. हात अर्ध्यावर जरा थांबला. मग त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे, आणि म्हणाले, "आरसा झालाय गं नुसता. भांग पाडून घेता येईल यात."

मला रडू फुटलं. मला वाटलं, हा माणूस किती मोठा आहे. माझी चूक त्यांनी पाहिली आणि गिळली, माझं मन राखायला. आई खाली आली, चाकं बघून तिचा चेहरा पडला, ती काहीतरी बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "सुजूने केलीत बरं का चाकं. छान केलीत." आई माझ्याकडे बघत राहिली. "लाडावून ठेवा अजून," एवढंच ती म्हणाली, आणि तिलाही वाटलं असणार की बाबा मुलीला सांभाळून घेतायत. चड्ढा अंकलनी वरून पाहिलं, तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मिटलं. आम्ही पांढरे कपडे घालून त्या काळ्या चाकांवर बसून विहारात गेलो. मला वाटेभर बाबांचा अभिमान वाटत होता.

इथपर्यंतची गोष्ट मी माझ्या मुलांना सांगितलेली आहे. पुढची नाही. त्यानंतरच्या रविवारी, लख्ख उन्हात, मी बाबांजवळ बसून त्यांना पुन्हा विचारलं, "बाबा, चाकं खरंच चांगली झाली ना?" मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की राहू दे गं, होतं असं. म्हणजे मी मोकळी झाले असते, माफी मागितली असती. पण बाबा फडकं पिळता पिळता म्हणाले, "अगं, मागच्यापेक्षाही छान. त्या वायुदलवाल्याच्या हातातही एवढी चमकत नव्हती." आणि ते हे मनापासून म्हणत होते असं मला वाटलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते चाकाकडे बघत होते आणि चाक बघत नव्हते. पेला, बसचा नंबर, संध्याकाळचं पेट्रोल, सगळं माझ्या डोक्यात एका जागी आलं. फक्त क्षणभर. मग मी ते ढकलून दिलं. कारण 'बाबा, तुम्हाला दिसत नाहीये' असं म्हणायचं तर पुढचं वाक्य 'ही चाकं काळी आहेत' हे होतं, आणि त्याच्या पुढचं 'ती मी केली' हे. मी सोळा वर्षांची होते असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा सोडवायचा प्रयत्न केलाय. सोळा वर्षांच्या मुलीला कळतं. मला कळलं होतं, आणि शिव्या खाव्या लागू नयेत म्हणून मी गप्प बसले.

जानेवारीत बाबांच्या ऑफिसातली मराठी मंडळी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायची. त्या वर्षी आम्हीही निघालो. आईने गुळाच्या पोळ्या आणि तिळाची चटणी बांधून घेतली होती. बाबांनी धुकं पुरतं विरल्याशिवाय गाडी काढली नाही, आणि सगळा रस्ता समोरच्या गाडीमागून अगदी सावकाश चालवली. मागच्या ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या. स्मारकापाशी लोकांनी फुलं वाहिली, कुणीतरी भाषण केलं. बाबा हात मागे बांधून उभे होते आणि आई त्यांना दगडावरची अक्षरं दाखवत होती, "वाचा ना," म्हणत होती, आणि ते म्हणाले, "सुजू वाचेल, तिचा आवाज खणखणीत आहे." मी वाचलं, मोठ्याने. परतताना दुपारचं स्वच्छ ऊन होतं. मी मागच्या सीटवर, आई पुढे डावीकडे. रस्त्याच्या डाव्या कडेला उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मला ती खूप लांबून दिसली. मला वाटलं, बाबा आता वळवतील. आता वळवतील. आई किंचाळली तेव्हा त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडीची डावी बाजू दिव्यापासून मागच्या दारापर्यंत खरवडत गेली. आईच्या बाजूची काच फुटली, तिच्या दंडाला लागलं. गाडी थांबली. बाबा उतरले, पत्र्यावरून हात फिरवत मागे आले आणि त्यांनी विचारलं, "काय होतं?"

उसाची ट्रॉली होती. हत्तीएवढी. भर उन्हात, त्यांच्यापासून चार पावलांवर. आई दंड धरून तशीच उभी राहिली, आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही. तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला, मागे बसा." मागून ऑफिसातल्या लोकांची गाडी येत होती, त्यांच्यातल्या एकाने आमची गाडी घरापर्यंत आणली. बाबा माझ्या शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. गुळाच्या पोळ्यांच्या डब्यात काचा गेल्या होत्या. आईने घरी आल्यावर त्या एकेक उलटून बघितल्या आणि मग सगळ्याच टाकून दिल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत वाढत आतली नस मारून टाकतो. आधी कडेचं दिसणं जातं, मग बाकीचं धुरकट होतं. गेलेलं परत येत नाही. डावा डोळा संपला होता, उजव्यात मधली थोडी खिडकी उरली होती, आणि तीही किती दिवस टिकेल हे ते सांगू शकत नव्हते. "कब से कम दिख रहा था?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "अभी, थोड़े दिन से." डॉक्टर त्यांच्याशी नाही, आईशी बोलले. "दो-तीन महीने पहले ले आते तो दाईं आँख में हम काफ़ी कुछ बचा लेते. आप लोगों को पता नहीं चला?" आई म्हणाली, "किसी को पता नहीं था, डॉक्टर साहब. इन्होंने किसी को बताया ही नहीं." मी फाइल छातीशी धरून उभी होते. दसऱ्याला तीन महिने झाले होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक बारीक होत गेलेली, आणि मला सगळ्यांत खालची ओळसुद्धा वाचता येत होती.

उजवा डोळा पुढच्या दोन वर्षांत गेला. गाडी त्याआधीच गेली. घेणारा आला त्या सकाळी बाबांनी ती शेवटची धुतली, सगळी, टपापासून खाली, हाताने चाचपत. मी फडकी धरून उभी होते आणि चाकांपाशी ते आले तेव्हा मला म्हणाले, "ती तू कर." मी केली. चड्ढा अंकल त्या दिवशी खाली उतरून आले आणि त्यांनी बादल्या वर नेऊन ठेवल्या. बाबांनी मुदतीआधी नोकरी सोडली. बोलणं, हसणं, रस्सा तिखट नाही म्हणून भांडणं, सगळं तसंच चालू ठेवलं. डोळ्यांबद्दल त्यांनी कधी कुणाला बोल लावला नाही. आई मात्र स्वतःला लावत राहिली. "मी रोज त्यांच्या ताटात वाढत होते, मला कसं कळलं नाही?" असं ती मरेपर्यंत म्हणत होती, आणि मी तिला जवळ घ्यायचे, म्हणायचे, "तुला कसं कळणार, आई." हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत नीच वाक्य आहे. मी ते पुष्कळदा म्हटलं.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे गाझियाबादला आले. हिवाळ्यात दुपारी मी त्यांना गच्चीवर उन्हात बसवायचे, आणि मटार स्वस्त झाले की आम्ही दोघं मोठ्या परातीत सोलत बसायचो. ते माझ्यापेक्षा भरभर सोलायचे. अशाच एका दुपारी मी सांगून टाकलं. काही निमित्त नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, मला माहीत होतं." आणि मग सगळंच. सोडा, फडकी, काळी चाकं, तो पुढचा रविवार. तीन महिने. आईला जे सांगायला हवं होतं ते. मी खाली बघून बोलत होते, जणू त्यांना दिसत होतं.

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले. मग म्हणाले, "मलापण माहीत होतं."

"काय?"

"चाक बिघडलंय ते. अगं, इतकी वर्षं हात फिरवला होता त्याच्यावरून. बोट सरकायचं तिथे अडकलं. मला वाटलं, हिने काहीतरी घोळ घातला. पण डोळ्यांना काही दिसेना, काळं की पांढरं. आता तुला विचारलं असतं, हे काय करून ठेवलंस, तर तू म्हणाली असतीस, दिसत नाही का तुम्हाला?" ते जरा हसले. "त्या प्रश्नाला घाबरायचो मी तेव्हा. डॉक्टर, मग गाडी बंद, मग ऑफिस. म्हणून म्हटलं, आरसा."

इतकी वर्षं मी त्यांची आंधळी स्तुती सांभाळून होते, आणि ती स्तुती नव्हतीच. त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी सांगितलं असतं तर त्यांना विचारावं लागलं नसतं. मधे फक्त एक चाक होतं, आणि आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना गप्प बसलो.

"पण आता सांग," बाबा म्हणाले. "कशी झाली होती? नीट सांग."

मी सांगितलं. राखाडी, पावसाळ्यातल्या आभाळासारखी. मधे मधे पांढरे चट्टे, कडेला सुटलेला थर. त्यांनी मटार बाजूला ठेवून, मान थोडी कलती करून ते ऐकलं. शेवटी म्हणाले, "आणि तुझं तोंड कसं झालं होतं तेव्हा? मी वर बघितलं होतं गं, पण मला नुसता उजेड दिसला."

"भ्यालेलं," मी म्हटलं.

"मग माझ्यासारखंच होतं," बाबा म्हणाले, आणि परातीत चाचपून पुढची शेंग घेतली.